अपघातात सापडलेली किट सुपरकार पुन्हा रस्त्यावर आणताना: नागपूरकरांसाठी क्रमवार माहिती

ट्रॅकवरची गाडी वीस मिनिटं पळते आणि पिटमध्ये येते. आल्याबरोबर एक जण टायर बघतो, एक नटबोल्ट, एक गळती. रस्त्यावरच्या गाडीच्या नशिबी हे लाड नाहीत. सहा-सहा महिने तिच्याखाली कुणी वाकूनही बघत नाही. रेस करणाऱ्या माणसाने ठोकलेली किट सुपरकार रस्त्यासाठी उभी करायला घेतली, की आधी हा फरक पचवावा लागतो. आम्हा रेसवाल्यांचा हात आपोआप गाडी हलकी, बुटकी आणि कडक करण्याकडे वळतो. या कामात बहुतेक ठिकाणी त्याच्या उलट करायचं असतं. त्यातून नागपूर म्हणजे मे महिन्यात ४५ अंश, कॉलनीतले गतिरोधक आणि सिताबर्डीची संध्याकाळ.

किट सुपरकार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायची गाडी. ती कशी असते, ते आधी सांगतो. लोखंडी पाइपांचा वेल्ड केलेला सांगाडा (याला स्पेसफ्रेम म्हणतात), वर फायबरची बॉडी, ड्रायव्हरच्या पाठीमागे मोठं इंजिन आणि त्याला जोडलेला ट्रान्सअॅक्सल गिअरबॉक्स (गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत). इंग्लंडमधल्या हिंकलीची अल्टिमा हे यातलं नावाजलेलं उदाहरण. तिच्या जीटीआर मॉडेलमध्ये बहुतेक वेळा शेव्हरले व्ही-८ इंजिन आणि पोर्शचा गिअरबॉक्स असायचा. मॅक्लारेनने एफ-१ ही रस्त्यावरची गाडी घडवताना तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स तपासायला अल्टिमाच्याच दोन सांगाड्यांचा वापर केला होता, त्यांची नावं अल्बर्ट आणि एडवर्ड. तेव्हा किट म्हटलं की खेळणं, असं समजू नका. पण प्रत्येक किट कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये जोडलेलं असतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आतून सारख्या निघत नाहीत. कंपनीच्या गाडीची दुरुस्ती पुस्तक बघून होते. इथे आधीच्या माणसाने काय केलं होतं, ते शोधण्यात निम्मा वेळ जातो.

पाना उचलण्याआधी फाइल उघडा

गाडीवर एक रुपया खर्च करण्यापूर्वी तिचं आरसी वाहन पोर्टलवर तपासा. गाडीची भारतात नोंदणी आहे का, ती चालू आहे का, चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळतात का, कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं त्यातून कळतं. परदेशातून आलेली गाडी असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री मागा. कार्नेवर (आयात शुल्क न भरता ठरावीक मुदतीसाठी गाडी आणण्याच्या कागदावर) तात्पुरती आलेली गाडी इथे विकता येत नाही, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

इंग्लंडमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सरकारी सोय आहे, आयव्हीए म्हणतात तिला. आपल्याकडे हौशी माणसासाठी तशी सोपी वाट नाही. नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २० सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो, आणि त्यामागे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालची प्रोटोटाइप चाचणी असते. ती पुण्याची एआरएआय किंवा मानेसरचं आयकॅट यांसारख्या संस्थाच करतात. सुट्या भागांच्या पेट्या मागवून इथे जोडलेल्या गाडीकडे यातलं काहीच नसतं. अशी गाडी घेतली असेल तर ती ट्रॅकसाठीच बांधा आणि ट्रेलरवर न्या. त्यातही मजा आहे, पण हा लेख त्या गाडीसाठी नाही.

एक तिसरा प्रकार बाजारात फिरतो: आरसीवर जुनी सेडान आणि समोर उभी सुपरकार. याच्या वाटेला जाऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंड एक वेळ परवडेल. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर घर विकायची पाळी येईल.

गाडी अपघातात सापडलेली आहे, म्हणून आणखी एक गोष्ट बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. त्या वेळी नोंदणी रद्द झाली होती का, याचं लेखी उत्तर आरटीओकडून घ्या. रद्द झालेली असेल तर थांबा. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. तुमचा पत्ता एमएच-३१, एमएच-४९ की एमएच-४० च्या हद्दीत येतो, त्याप्रमाणे कार्यालय ठरेल. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर चढवून घ्यावा लागतो. इंजिन बदलायचं असेल तर परवानगी आधी, इंजिन नंतर.

उघडताना घाई नको

बॉडी काढण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही बाजूंनी फोटो काढा. दाराच्या, बॉनेटच्या फटी फूटपट्टी लावून मोजा आणि लिहून ठेवा. फट एका टोकाला ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला १२ असेल, तर सांगाडा हलल्याचा तो पहिला पुरावा. प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा, त्याच्या नावाच्या पिशवीत. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला पट्टी. कंटाळवाणं काम आहे, पण गाडी वर्षभर सुटी राहिली तर स्मरणशक्तीचा उपयोग शून्य.

फायबरची पडताळणी नाण्याने होते. एक रुपयाचं नाणं बॉडीवर ठोकत चला. घट्ट जागी खणखणीत आवाज येतो, आतून थर सुटले असतील तिथे बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ ओढा. बाहेरून चार इंचांची चीर दिसते तिथे आतून हातभर थर सुटलेले असू शकतात, म्हणून नाणं चिरेच्या बरंच पुढेपर्यंत न्या.

सांगाडा: ओळंबा, दोरा आणि लाल रंग

इथे लेसर जिगची गरज नाही. जमिनीची पातळी गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तपासा आणि चार स्टँडखाली पत्रे सरकवून सांगाडा एका पातळीत आणा. सस्पेन्शनचे हात सांगाड्याला जिथे बोल्टने बसतात, त्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर टिंब मारा. डाव्या-उजव्या जोड्यांचे मध्यबिंदू काढले की ते एकाच दोऱ्यावर यायला हवेत. मग कर्ण मोजा. मी दोन कर्णांमध्ये ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर कोणता कोपरा गेला, ते टिंबांच्या नकाशावरून लगेच कळतं.

माप बरोबर आलं म्हणून सांगाडा निर्दोष ठरत नाही. धडक पाइपांतून पुढे सरकत जाते आणि लांबच्या एखाद्या सांध्यावर चीर पाडून थांबते. रंग कुठे तडकलाय, ते आधी डोळ्यांनी बघा. संशयाच्या प्रत्येक सांध्याचा रंग केमिकलने उतरवा. ग्राइंडर मारू नका, चीर पुसट होऊन बुजते. मग डाय पेनेट्रंट: सांधा क्लीनरने पुसायचा, लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, कापडाने पुसून पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत टाक्या आणि प्रेशर पाइप बनवणारे हे रोज वापरतात, त्यामुळे डबे आणि करून देणारा माणूस, दोन्ही मिळतात.

आता मिस्त्री म्हणेल, "भाऊ, गरम करून एक जॅक लावतो, सरळ होऊन जाईन." जीपच्या चासीला ते चालत असेल, दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपाला चालत नाही. वाकलेला पाइप तापवून सरळ केला की तो दिसायला सरळ होतो, पण घडी पडलेल्या जागची ताकद परत येत नाही. तो पाइप कापायचा आणि त्याच मापाचा, त्याच जाडीचा, तितक्याच किंवा वरच्या प्रतीच्या स्टीलचा नवा घालायचा. मधूनच जोड द्यावा लागला तर आतून घट्ट बसणारा स्लीव्ह घाला, कट तिरका ठेवा आणि बाहेरच्या पाइपाला भोकं पाडून स्लीव्ह प्लग वेल्डनेही (भोकात भरलेल्या वेल्डने) धरा. कापण्यापूर्वी सांगाड्याला तात्पुरते आडवे-तिरपे पाइप टॅक करून (वेल्डचे छोटे ठिपके देऊन) बांधून घ्या. नाहीतर एक पाइप काढताच बाकीचा सांगाडा आपल्या मनाने हलतो.

वेल्डिंग आर्गनचं. सीओटूवाला चांगला असेल तर त्याचंही चालेल, पण या जाडीला आर्गनवर ताबा जास्त राहतो. सगळे सांधे आधी टॅक, मग परत ओळंबा आणि कर्ण, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून थोडे थोडे भरायचे. वेल्डवर पाणी ओतून थंड करणाऱ्याला गेटाबाहेर काढा. चासी नंबर ज्या पाइपावर किंवा पट्टीवर आहे, त्याच्या आसपास ग्राइंडर, कटर, वेल्डिंग काहीही नाही. तोच भाग चेपला असेल तर आरटीओच्या निरीक्षकाला दाखवून लेखी सूचना मिळेपर्यंत हात लावू नका.

शेवटी रंग. पावडर कोटिंग देखणं दिसतं, पण त्या जाड थराखाली बारीक चीर लपून राहते आणि मग गंज आतल्या आत पसरतो. मी एपॉक्सी प्रायमर आणि वर फिकट राखाडी पीयू (पॉलियुरेथेन) रंग देतो. फिकट रंगावर तेलाचा थेंब आणि चिरेची रेघ लगेच दिसते.

सस्पेन्शन: इथे रेसची सवय मोडा

धडक बसलेल्या कोपऱ्यातले सगळे रॉड एंड (दांड्याच्या टोकाला बसणारे गोल फिरते सांधे), बॉल जॉइंट, बेअरिंग आणि बोल्ट नवे घाला. "हा तर चांगला दिसतोय" असा बोल्टच पुढे मान टाकतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की फेकायचा. अपराइट (चाकाचा हब धरून ठेवणारा भाग) आणि हब यांनाही लाल रंगाची तपासणी लावा. स्टिअरिंग रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. मध्ये कुठेही अडखळली तर आतला दांडा वाकलाय, ती दुरुस्त करू नका, बदला.

आमच्या रेसच्या गाड्यांत सगळीकडे उघडे धातूचे रॉड एंड असतात, कारण दोन-चार शर्यतींनंतर आम्ही ते बदलतोच. नागपूरच्या धुळीत आणि जुलैच्या चिखलात उघडा रॉड एंड महिन्याभरात खडखडायला लागतो. रस्त्यासाठी आतल्या टोकांना पॉलियुरेथेनचे बुश आणि बाहेरच्या रॉड एंडवर रबरी बूट. स्प्रिंगही रेसचे ठेवू नका. कडक स्प्रिंगवर सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्याला चाक उडतं आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर कल) ट्रॅकवर उणे तीन अंश ठेवतो, इथे उणे एक पुरे. टो (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) पुढे शून्य ते एक मिलिमीटर आत, मागे थोडा जास्त आत. ही गाडी अलाइनमेंटवाल्याच्या रॅम्पवर चढत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासूनची अंतरं मोजा. ट्रॅकवर आम्ही असंच करतो.

गाडीची उंची किती ठेवावी, याचा हिशोब सोपा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ प्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्याच्या मधोमध उभी राहिली तर पोटाखाली तो जेमतेम ४६ मिलिमीटर वर येतो, कारण चारही चाकं त्याच्याच अंगावर असतात. अशा गतिरोधकावरून बुटकी गाडीही आरामात जाते. खरा शत्रू म्हणजे कॉलनीतल्या हौशी मंडळींनी रात्रीतून टाकलेला फूटभर रुंदीचा डांबराचा उंचवटा. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाला भिडते. म्हणून १३० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. नाकासाठी हायड्रॉलिक लिफ्ट मिळत असेल तर स्टिरिओचे पैसे तिथे घाला.

ब्रेक

रेसचे पॅड काढा. ते तापल्याशिवाय चावत नाहीत, आणि सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या चौकात आडव्या येणाऱ्या स्कूटीला तुमचे पॅड थंड असल्याचं माहीत नसतं. रस्त्याचे पॅड, नव्या रबरी सील, नवे होज. ऑइल डॉट-४ घ्या. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून पावसाळा संपला की दरवर्षी बदलायचं. सिलिकॉनचं डॉट-५ यात मिसळू नका. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलणारी खुंटी डॅशवर असेल तर योग्य जागी लॉक करून टाका. ती गंमत ट्रॅकवर. हँडब्रेक मात्र हवाच. रेससाठी वापरलेल्या किटमधून तो पुष्कळदा काढून टाकलेला असतो.

कूलिंग: नवतपा डोळ्यांसमोर ठेवून

या कामात नागपूरकराने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा इंग्लंडातल्यासारखी २० वर असेल तर फरक ७५. नागपुरात ४५ धरा, फरक उरला ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण काम दोन तृतीयांश. वर एसीचा कंडेन्सर पुढे बसवला की रेडिएटरपर्यंत येणारी हवा आणखी तापलेली. तेव्हा किटसोबत आलेल्या रेडिएटरच्या दीडपट क्षमतेचा विचार करूनच खरेदीला निघा. जाडी वाढवण्यापेक्षा क्षेत्रफळ वाढवा, जाड कोअरमधून पंख्याला हवा ओढणं जड जातं.

त्याहून मोठा फायदा फुकटात मिळतो. हवा आळशी असते. रेडिएटरच्या कडेने वाट मिळाली की ती जाळीतून जात नाही. नाकातल्या तोंडापासून रेडिएटरपर्यंतच्या सगळ्या फटी अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी आणि फोमने बंद करा. मागे पूर्ण श्राउड (रेडिएटरची सगळी पाठ झाकणारं आवरण) बसवून त्यावर दोन पंखे लावा. गरम हवा बॉनेटवरून किंवा चाकाच्या कमानीतून बाहेर पडायला रस्ता आहे का, तेही बघा. पंखे वेगवेगळ्या रिलेवर, वेगवेगळ्या फ्यूजवर. एक गेला तरी दुसरा घरी पोचवेल.

इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये लांबलचक पाइप. यात हवा अडकते, आणि अडकलेली हवा हेच अशा गाड्या तापण्याचं नेहमीचं कारण. एक्स्पान्शन टँक सगळ्यात उंच ठेवा, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात आणि इंजिनच्या सर्वांत उंच जागी ब्लीड स्क्रू द्या, नाक वर करून भरा, मग मागची बाजू वर करून हवा पुन्हा काढा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचा क्षार कोअरमध्ये बसतो. १५ पीएसआयच्या झाकणाखाली हे मिश्रण साधारण १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकणाची रबर गेली की तो सगळा फायदा गेला, म्हणून झाकण नवंच घ्या. पाइप प्रवाशांच्या कुशीजवळून जात असतील तर त्यांना इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर एसी बिचारा पाइपाशीच झुंजत बसेल. एसी काढून वजन वाचवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर बाजूला बसवा.

इंजिनखोलीतही उष्णता साचते. एक्झॉस्टजवळच्या फायबरला सिरॅमिकची किंवा अॅल्युमिनियमची ढाल हवी आणि मध्ये किमान दोन बोटं हवेची फट. साधं पॉलिएस्टर रेझिन ७०-८० अंशांनंतर मऊ पडायला लागतं. सिग्नलवर थांबलेल्या गाडीच्या मागच्या झाकणाखाली एवढं तापमान सहज होतं.

पेट्रोल

पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं. जुन्या किटमधले रबरी होज त्याने फुगतात आणि तडकतात. इथेनॉल चालणारे, जे-३० आर-९ दर्जाचे होज सगळीकडे घाला. रेससाठी बसवलेला फ्युएल सेल (फोम भरलेली पेट्रोलची टाकी) असेल तर आत हात घालून फोम दाबून बघा. इथेनॉलने जुना फोम भुगा होतो आणि फिल्टर चोंदतो. मग इंजिन उतारावर बरं आणि चढावर मरतं, आणि मिस्त्री आठवडाभर इग्निशन शोधत बसतो. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या मॅपवर (कधी किती पेट्रोल सोडायचं, या इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या कोष्टकावर) इंजिन पेट्रोल कमी पडून भुकेलं चालणार आणि जास्त तापणार. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लावून मॅप नव्याने करा. कार्ब्युरेटर असेल तर जेट बदला. पीयूसीचा आकडाही त्यानंतरच जागेवर येईल.

वायरिंग

थोडक्यात सांगतो, कारण चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन हे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट करेल. फक्त त्याला बजावून सांगा की बॉडी फायबरची आहे. दिव्याची काळी वायर बॉडीला स्क्रूने अडकवून चालणार नाही, प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र अर्थ ओढावा लागेल. रेसच्या लूममध्ये (वायरिंगच्या जुडग्यात) नसलेल्या गोष्टींची यादी त्याच्या हातात द्या: इंडिकेटर, हॅझार्ड, पार्किंग आणि रिव्हर्स दिवा, नंबरप्लेटचा दिवा, वायपर आणि वॉशर, साधा हॉर्न. मुख्य कट-ऑफ स्विच मात्र राहू द्या. रेसमधली ही एक सवय रस्त्यावरही कामाची.

फायबर: हिवाळ्यात काम काढा

नागपुरात फायबरला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ओल धरते आणि थर पांढुरके पडतात. एप्रिल-मेमध्ये रेझिन डब्यातच जमतं. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे, छोट्या-छोट्या डब्यांत. हार्डनर कमी घालून वेळ वाढवण्याच्या नादात उत्पादकाने सांगितलेल्या किमान प्रमाणाखाली जाऊ नका, रेझिन कायमचं कच्चं राहतं.

आधी सुरक्षेची एक गोष्ट. आपल्याकडे रेझिनसोबत पुष्कळदा कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. आधी अॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. घासताना मास्क हवाच.

दुरुस्ती शक्यतो आतल्या बाजूने. चिरेच्या दोन्ही अंगांना उतार घासा. पॅनेल ३ मिलिमीटर जाडीचं असेल तर उतार किमान ३६ मिलिमीटर लांब, म्हणजे जाडीच्या बारापट. बहुतेक कारागीर इथे कंजुषी करतात, दोन बोटं घासून मॅट (काचतंतूंचं कापड) चिकटवतात, आणि वर्षभरात चीर जुन्याच जागी डोकं काढते. उतारावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे तुकडे, आधी छोटा मग मोठा, प्रत्येक थर रोलरने हवा काढत. रेझिनचं वजन मॅटच्या दोन ते अडीच पट. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नाही, फक्त जास्त ठिसूळ. बाहेरून पुट्टीचा थर कागदाएवढाच असावा. पुट्टी पाव इंच लागत असेल तर आतलं काम चुकलंय.

बॉडी सांगाड्यावर बसवताना गाडी स्टँडवर नको, चाकांवर हवी, आतमध्ये ड्रायव्हरच्या वजनाची पोती ठेवून. मगच दारांच्या फटी जुळवा. रंगाची घाई करू नका. नवा थर उन्हात ठेवला की पुढे पिकत आणि आक्रसत राहतो. प्रायमरवर काही आठवडे गाडी उन्हात काढा, मग घासा, मग रंगवा. नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात मॅटची वीण रंगातून उठून दिसते. गडद रंग नागपूरच्या उन्हात फिकट रंगापेक्षा कितीतरी जास्त तापतो. काळी सुपरकार फोटोत छान दिसते. मी पांढरी, पिवळी किंवा संत्री सुचवेन, आणि संत्र्याला तर या गावात कोण नाही म्हणणार!

काचांबाबत नियम १०० लक्षात ठेवा. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या असाव्यात. रेसची पॉलीकार्बोनेट खिडकी काढून सेफ्टी ग्लास घाला. सीटबेल्टच्या पट्ट्यांचंही तसंच. रोल केज आणि पाच पॉइंटचा पट्टा हे हेल्मेटसोबतचं जोडकाम आहे. हेल्मेटशिवाय डोक्याजवळचा उघडा पाइप जिवावर बेततो. रस्त्यासाठी तीन पॉइंटचा पट्टा, आणि राहिलेल्या प्रत्येक पाइपावर जाड पॅडिंग.

चाचणी

टॉर्क लावलेल्या (ठरलेल्या जोराने आवळलेल्या) प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटची बारीक रेघ मारा, नट आणि सांगाडा दोन्हींवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. पहिली चक्कर एखाद्या कारखान्याच्या आवारात, परवानगी घेऊन. विमा आणि पीयूसी हातात येईपर्यंत आउटर रिंग रोडचा मोह टाळा. विमा घेताना गाडीची दुरुस्ती आणि तिचा इतिहास लेखी सांगा, सर्व्हेअरला फोटोंची फाइल दाखवा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी हमखास वर येते.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी अपघातानंतर वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली असते, त्यामुळे टायरवर नक्षी भरपूर पण रबर दगड झालेलं. सहा वर्षांपुढचे टायर बदलाच.

मग ट्रॅफिकची परीक्षा. संध्याकाळी व्हरायटी चौकाच्या गर्दीत एसी चालू ठेवून अर्धा तास. पाण्याचं तापमान एका ठिकाणी येऊन थांबलं पाहिजे, पंखे बंद-चालू झाले पाहिजेत. काटा हळूहळू चढतच राहिला तर श्राउडच्या फटींकडे परत जा. यानंतर घरी येऊन इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम असताना सुरू व्हायला कुरकुरलं तर पेट्रोलची लाइन एक्झॉस्टच्या फार जवळून गेली आहे.

शेवटी शिवमडक्याहून समृद्धी. कमाल वेग १२०, आणि तिथे तेवढाच. पहिल्यांदा ८०-९० वर ठेवा. लांब सरळ सिमेंटवर टायर सतत तापत जातात आणि ट्रॅकसारखी मधली विश्रांती मिळत नाही. थंड टायरचा दाब किट बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच भरा, मोठ्या गाडीचा आकडा या हलक्या गाडीला लावू नका. कडेला थांबू नका, पहिल्या इंटरचेंजला खाली उतरा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब, डिस्क आणि टायर मोजा. डावं-उजवं जवळपास सारखं यायला हवं. एकाच चाकाचा हब वीस-पंचवीस अंशांनी जास्त असेल तर बेअरिंग आवळलं गेलंय किंवा कॅलिपर धरून बसलाय. ते चाक मोकळं केल्याशिवाय परतीचा प्रवास ट्रेलरवर. आकडे वहीत तारखेसह लिहा. पिवळ्या रेघांची पुढची पाहणी ५०० किलोमीटरवर करायची, आणि त्यानंतर दर दोन हजारांवर.